कोंबडीचा भ्रूण आणि मेदाची संप्रेरके

कोंबडीचे अंडे उबवणीस ठेवल्यापासून पिल्लू कवच फोडीपर्यंत सुमारे २१ दिवस जातात. या अवधीत ऊब व ऑक्सिजन यांखेरीज भ्रूणास बाहेरून जवळजवळ काहीच मिळत नाही. वाढीचा सारा खर्च अंड्यातील साठ्यातूनच भागवावा लागतो, आणि त्या ऊर्जेपैकी ९० टक्क्यांहून अधिक वाटा पिवळ्या बलकातील मेदाचा असतो. आरंभी भ्रूण थोड्याशा ग्लुकोजवर गुजराण करतो. पुढे पीतककोशाचे आवरण मेद शोषून रक्तात सोडू लागते, व अखेरच्या आठवड्यात या शोषणास मोठा वेग येतो. त्याच आठवड्यात भ्रूणाच्या मेदपेशीही भरू लागतात. मेद जाळणे आणि मेद साठविणे अशी दोन्ही कामे एकाच वेळी चाललेली असतात.

हा जमाखर्च कोण सांभाळते? १९९४ साली उंदरात लेप्टिनचे जनुक सापडले आणि मेद-ऊतक हे निव्वळ कोठार नसून अंतःस्रावी इंद्रियही आहे, हे मत दृढ झाले. साहजिकच कोंबडीतही लेप्टिनचा शोध सुरू झाला. १९९८ साली कोंबडीचे म्हणून जे जनुक प्रसिद्ध झाले, ते उंदराच्या जनुकाशी जवळजवळ तंतोतंत जुळत होते. पक्षी व सस्तन प्राणी यांचे वंश तीस कोटी वर्षांहून अधिक काळ वेगळे असता एवढे साम्य संशयास्पदच म्हटले पाहिजे. २००४ साली कोंबडीचा जनुकसंच वाचला गेला, त्यातही ते जनुक आढळले नाही. खरे लेप्टिन २०१६ साली निश्चित झाले. मात्र त्याची निर्मिती मेदात नव्हे, तर मुख्यत्वे मेंदूसारख्या अवयवांत होते, व त्याचे कार्य स्थानिक स्वरूपाचे दिसते. तेव्हा मधल्या काळातील, प्रतिद्रव्यांच्या साहाय्याने केलेली ‘लेप्टिन’ची मोजमापे जपूनच वाचावयास हवीत. अंड्यात लेप्टिन टोचून केलेल्या प्रयोगांची गोष्ट थोडी निराळी. कोंबडीत लेप्टिनचा ग्राही खरोखरच आहे. परंतु तो टोचलेल्या द्रव्यास प्रतिसाद देतो, एवढ्यावरून भ्रूणाचा मेद ते द्रव्य स्रवतो असे ठरत नाही.

पक्ष्यांत मेदाम्लांची निर्मिती मुख्यतः यकृतात होते, मेदपेशींत नव्हे, हेही येथे ध्यानात घ्यावे. ॲडिपोनेक्टिन मात्र कोंबडीच्या मेदात निश्चितपणे तयार होते.

याहून कुतूहलाची गोष्ट केमेरिनची. हेही मेदाशी निगडित संप्रेरक; पण अंड्याच्या पांढऱ्या बलकात ते विपुल प्रमाणात आढळते. पांढरा बलक बनतो मादीच्या अंडवाहिनीत, म्हणजे भ्रूणाला स्वतःची मेदपेशी येण्याच्या कितीतरी आधी. अंड्यात केमेरिनविरोधी प्रतिद्रव्ये टोचली असता भ्रूणांची मरतूक वाढल्याचे दिसून आले आहे. अशा स्थितीत भ्रूणाच्या रक्तात एखादे ‘मेद-संप्रेरक’ सापडले, तर ते भ्रूणाचे की आईचे, हा प्रश्न प्रथम सोडवावा लागेल.