बर्फाचा टब घरी ठेवायचाय? आधी बर्फाचा, पाण्याचा अन् डासांचा हिशेब करा

पांढुर्णा/सौंसर : खेळाडू बर्फाच्या पाण्यात छातीपर्यंत बसलेले व्हिडिओ मोबाईलवर रोजच दिसतात. ते पाहून अग्निवीर भरतीच्या १.६ किलोमीटर धावेची तयारी करणाऱ्या पोरांनाही वाटतं, आपल्या अंगणात असा टब पाहिजे. हवा भरायचा टब ऑनलाइन काही हजारांत मिळतो, पाणी थंड करणाऱ्या मशीनसकट घेतला तर किंमत लाखाच्या घरात जाते. खरं तर २०० लिटरचा प्लास्टिकचा ड्रमही तेच काम करतो. फक्त त्यात आधी काय भरलेलं होतं ते विचारून घ्या. फवारणीच्या औषधाचा ड्रम कितीही धुतला तरी अंघोळीच्या कामाचा नाही. संत्र्याच्या पट्ट्यात असे रिकामे ड्रम शेतावर पडलेलेच असतात, म्हणून हे आधी सांगितलं.

आता बर्फ. पाण्याचं तापमान १० ते १५ अंश असलं की पुरे, त्याहून गार करण्यात शहाणपणा नाही. माणूस आत बसला की ६०-७० लिटर पाणी वर येतं, त्यामुळे २०० लिटरच्या ड्रममध्ये १३० लिटरच भरायचं. हे पाणी ३० अंशांचं असेल तर १५ वर आणायला साधारण २० किलो बर्फ लागतो. ड्रम उन्हात तापलेला असला, बर्फ घरी आणेपर्यंत निम्मा वितळला, तर आणखी जास्त. रोज २० किलो म्हणजे महिन्याला ६०० किलो! आपल्याकडच्या कारखान्यात किलोचा भाव काय ते विचारा अन् गुणाकार करा, बहुतेकांचा उत्साह तिथेच थंड होतो. फ्रीजमधल्या ट्रेच्या बर्फाने तर काहीच होत नाही. त्यापेक्षा रिकाम्या बाटल्यांत पाणी गोठवून त्या ड्रममध्ये सोडणं बरं, बाटल्या पुन्हा वापरता येतात अन् पाणीही खराब होत नाही.

फुकटातला गारवाही आहे, पण तो ऋतू पाहून. डिसेंबर-जानेवारीत रात्रभर उघड्यावर ठेवलेलं पाणी पहाटे आपोआप हवं तेवढं गार मिळतं. एप्रिल-मे महिन्यांत माठाची युक्ती चालते. ड्रमला ओलं गोणपाट गुंडाळून सावलीत, वाऱ्यावर ठेवला तर बाहेर ४३ अंश अन् हवा कोरडी असताना पाणी पंचविशीच्या जवळ येऊ शकतं. मग बर्फ कमी लागतो. पोळ्याच्या सुमारास मात्र हवेत दमटपणा असतो, तेव्हा गोणपाट फक्त ओलं राहतं, गारवा देत नाही. कूलर श्रावणात कामाचा राहत नाही, त्याचं कारणही हेच.

पाणी किती दिवस ठेवायचं, हा खरा प्रश्न. घाम, तेल, माती पाण्यात उतरते. मशीन अन् फिल्टर नसेल तर तीन-चार दिवसांत पाणी बदलायचंच, आत उतरण्याआधी साध्या पाण्याने अंग धुवायचं. मधल्या दिवसांसाठी १३० लिटरला साधारण १ ग्रॅम ब्लिचिंग पावडर पुरते. ती मगभर पाण्यात कालवून, गाळ बसू देऊन वरचं पाणी ड्रममध्ये टाकायचं अन् अर्धा तास थांबायचं. मूठभर टाकली तर डोळे अन् कातडी दोन्ही जळतात. बोअरचं पाणी जड असेल तर ड्रमला आतून पांढरा थर धरतो, त्यावर शेवाळ लवकर चिकटतं. नळाला एक दिवसाआड पाणी येणाऱ्या घरात हे सगळं परवडतं का, हेही घरच्या बायकांना विचारूनच ठरवलेलं बरं. पाणी त्याच भरतात.

डासांचं तर आणखी वेगळं. डेंग्यूचा एडिस डास अशाच स्वच्छ, साचलेल्या पाण्यात वाढतो अन् अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. नुसतं पाणी ओतून भागत नाही, अंडी भिंतीला चिकटतात अन् कोरड्यात महिनोन्महिने जिवंत राहतात. आठवड्यातून एकदा ब्रशने घासून ड्रम उन्हात पालथा घालायचा. झाकण घट्ट हवं, ते डासांसाठी जेवढं तेवढंच लहान लेकरांसाठी. रांगतं मूल वीतभर पाण्यातही बुडतं.

फायदा किती? जोरदार व्यायामानंतरचं अंगदुखणं थंड पाण्याने काहीसं कमी होतं, असं २०१२ च्या कॉक्रेन आढाव्यात १७ लहान अभ्यासांवरून निघालं. पण २०१५ मध्ये ऑस्ट्रेलियात झालेल्या अभ्यासात वजन उचलणाऱ्यांनी दर वेळी लगेच थंड पाण्यात बसल्यावर स्नायूंची वाढ कमी झालेली दिसली. म्हणजे धावणाऱ्याला ठीक, आखाड्यात अंग कमावणाऱ्याला रोज नको. आत पाच ते दहा मिनिटं बस झाली. पहिल्या एक-दोन मिनिटांत श्वास एकदम वर खेचला जातो, म्हणून हळू उतरायचं, डोकं बुडवायचं नाही, जवळ कोणीतरी पाहिजेच. हृदयविकार, बीपी, पायाला बधिरपणा आलेला मधुमेह असणाऱ्यांनी अन् गरोदर बायांनी डॉक्टरला विचारल्याशिवाय या भानगडीत पडू नये.

एका ठिकाणी मात्र थंड पाणी खरोखर जीव वाचवतं, ते म्हणजे उष्माघात. उन्हात धावताना किंवा बागेत काम करताना माणूस कोसळला, बरळू लागला, अंग तापलं, तर १०८ ला फोन करायचा अन् गाडी येईपर्यंत थांबायचं नाही. अर्ध्या तासात शरीर थंड झालं पाहिजे. इथे उभा ड्रम कामाचा नाही, बेशुद्ध माणूस त्यात बुडेल. सावलीत आडवं निजवून बादल्यांनी पाणी ओता, मान-काख-जांघेत बर्फ ठेवा, पंखा किंवा टॉवेलने वारा घाला. शुद्धीवर नसेल तर तोंडात पाणी घालू नका.

राहिली वीज. जुन्या डीप फ्रीजरचा टब करायची कल्पना मोबाईलवर फिरते. ती करू नका. पाण्यात बसलेल्या माणसाला करंट लागला तर हात सोडवायलाही वेळ मिळत नाही, अन् झाकण लागलं तर आतून उघडत नाही. मशीन लावायचीच असेल तर अर्थिंग तपासून ३० मिलीअँपियरची आरसीसीबी बसवून घ्या, आत उतरण्याआधी प्लग काढा. टबची जागा जमिनीवर, मोरीच्या उताराजवळ ठेवा. ३०० लिटरचा टब म्हणजे ३०० किलो वजन, त्यात माणूस वेगळा. जुन्या माळवदावर चढवू नका. बदललेलं पाणी एक दिवस उघडं ठेवून झाडांना घालता येतं, साबण मिसळलेला नसेल तर.