एक सॉफ्टवेअर, किती कॉम्प्युटर?

शिरूर-दौंडमधल्या डीटीपी, झेरॉक्स आणि टॅक्सच्या कामाची दुकानं चालवणाऱ्यांसाठी. सीडी किंवा की आपल्याकडे आहे म्हणजे ती सगळ्या मशीनवर चालवता येते, असं नाही. आपण विकत घेतो तो फक्त वापराचा परवाना.

👉 नव्या कॉम्प्युटरसोबत आलेलं ओईएम विंडोज त्याच मशीनपुरतं असतं. रिटेल परवाना दुसऱ्या मशीनवर नेता येतो, पण आधी जुन्यावरून काढून.

👉 टॅलीप्राइम सिल्व्हर एका वापरकर्त्यासाठी. लॅनवर अनेकांनी वापरायचं तर गोल्ड.

👉 मायक्रोसॉफ्ट ३६५ पर्सनल एका व्यक्तीसाठी, एकाच वेळी ५ उपकरणांवर चालतं. पण ते घरगुती वापरासाठी. दुकानासाठी बिझनेस योजना घ्या.

👉 लिब्रेऑफिस मात्र दुकानातही हव्या तितक्या कॉम्प्युटरवर टाका, तेही फुकट. मराठी युनिकोड टायपिंग विंडोजमध्येच आहे.

कॉपीराइट कायदा १९५७, कलम ६३ब: पायरेटेड प्रत जाणूनबुजून वापरल्यास ७ दिवस ते ३ वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड होऊ शकतो. कायदेशीर प्रतीचा बॅकअप ठेवायला मात्र हाच कायदा परवानगी देतो.

बिल आणि की एका फाइलमध्ये जपून ठेवा. मशीन बदलताना तीच कामाला येतात.