डिशची पत

स्लाव (इंग्लंड), ऑक्टोबर 2025

घर दाखवायला आलेला एजंट दारातच थबकला, वर पाहिलं आणि ओशाळून म्हणाला, "ती डिश जुन्या भाडेकरूची. नको असेल तर मालक काढून देतील." पुढच्या खिडकीच्या वर जाळीची, करड्या रंगाची एक डिश होती. मला कळेना, हा माफी कशाची मागतोय? आमच्या नेरूळच्या घराला डिश लागली तेव्हा बाबांनी फक्त पेढे वाटायचे बाकी ठेवले होते.

हे कोडं सुटायला मला इथं वर्षभर लागलं. आधी नेरूळचं सांगते, म्हणजे इथलं लक्षात येईल.

नवी मुंबई वसवली तीच मुळी उत्पन्नाचे गट पाडून. ती वसवणाऱ्या सिडकोची स्थापना 1970 ची. तिच्या घरांचे अर्जच अत्यल्प, अल्प (एलआयजी), मध्यम (एमआयजी) आणि उच्च (एचआयजी) उत्पन्न गट असे निघायचे. त्यामुळे आमच्याकडे "कुठं राहता?" या प्रश्नाला सेक्टरचा नंबर सांगितला की पाठोपाठ दुसरा प्रश्न यायचा, "एलआयजी की एमआयजी?" आम्ही एलआयजीतले. माणसाचा पगार त्याच्या इमारतीच्या नावातच लिहिलेला असलेलं असं शहर मी दुसरं पाहिलेलं नाही.

केबलची वायर मात्र हे गट मानत नव्हती. एमआयजीच्या गच्चीवरून ती आमच्या गच्चीवर यायची, आमच्या पाण्याच्या टाकीला वेढा घालून विजेच्या खांबावर जायची आणि तिथून खाली गावठाणात उतरायची. सगळ्यांकडे तीच मालिका, तेच मुंग्या आलेलं चित्र, आणि पावसाळ्यात सगळ्यांकडे एकाच वेळी खरखर. रात्री केबलवाल्याच्या स्वतःच्या चॅनेलवर पिक्चर लागायचा, खाली वाण्याच्या आणि टेलरच्या जाहिरातींची पट्टी सरकत असायची.

वायर सारखी असली तरी दर सारखा नव्हता. आमचा केबलवाला शेजारच्या गावातला, आगरी. वडिलांची शेतं सिडकोच्या संपादनात गेलेली, आणि त्या शेतांवर उभ्या राहिलेल्या इमारतींत मुलगा वायर ओढून पोट भरत होता. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात तो वही घेऊन यायचा. आमच्याकडून दीडशे रुपये. पलीकडच्या एचआयजीत अडीचशे. तळमजल्यावरच्या एकट्या आजींकडून शंभर, तेही त्यांना जमेल तेव्हा. वॉचमनच्या केबिनला फुकट, कारण गच्चीची किल्ली त्याच्याकडे. कुणाला किती परवडतं हे त्याला दारातल्या चपलांवरून आणि आतल्या फ्रीजच्या आकारावरून कळायचं. सरकारचा करमणूक कर मात्र महापालिका हद्दीत जोडणीमागे महिना सरसकट 45 रुपये, आजी असोत की बंगलेवाला. आता वाटतं, ऐपतीप्रमाणे आकारणी करणारा आमच्या सेक्टरमधला तो एकमेव माणूस. त्याची बाजू फार घेत नाही. उशीर झाला की हाच माणूस वायर काढायचा, आणि ऐन महाएपिसोडच्या दिवशी.

ऑगस्ट 2006 मध्ये टाटा स्काय आलं आणि वर्षभरात बाबांनी डिश बसवली. पैसे जास्त जात होते, चॅनेल जवळपास तेच होते. बाबांनी विकत घेतली ती केबलवाल्याच्या मर्जीतून सुटका. खिडकीच्या जाळीला पांढरी डिश लटकली, ती रस्त्यावरून दिसत होती, आणि दिसावी म्हणूनच ती स्वयंपाकघराच्या बाजूला न लावता पुढे लावली होती. केबल सगळ्यांकडेच असल्यामुळे तिला काही किंमत उरली नव्हती. डिश म्हणजे एलआयजीत राहून एमआयजीचा एक तुकडा.

आता इंग्लंड.

फेब्रुवारी 1989 मध्ये रुपर्ट मर्डोक यांच्या स्काय वाहिन्या उपग्रहावरून इथं सुरू झाल्या. तोवर या देशात चारच वाहिन्या होत्या. सुशिक्षित घरांना त्या पुरेशा वाटत. बीबीसी ही त्यांची जवळजवळ घरचीच गोष्ट. स्कायचा ग्राहक वेगळा निघाला. काउन्सिलच्या, म्हणजे स्थानिक पालिकेच्या, भाड्याच्या घरांतला, पिक्चर आणि खेळ यांसाठी पैसे मोजायला तयार असलेला कामगार. प्रतिस्पर्धी बीएसबी कंपनीनं 1990 मध्ये चौकोनी, छोटी, देखणी अँटेना आणली. बाजारात कंपनीच टिकली नाही, त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ती स्कायमध्ये विलीन झाली. 1992 मध्ये प्रीमियर लीग स्कायनं उचलली. फुटबॉल घरी बसून पाहायचं तर डिशला पर्याय उरला नाही.

मग विनोद सुरू झाले. एक अजून ऐकू येतो: डिशच्या मागं जो खोका असतो त्याला काय म्हणतात? काउन्सिल हाउस. शार्लट ब्रन्सडन या अभ्यासिकेनं 1991 मध्येच या डिशविरोधातल्या वर्तमानपत्री ओरडीवर लेख लिहिला होता. 'विद्रूप दिसते' ही तक्रार भिंतीपेक्षा भिंतीमागच्या माणसांविषयी जास्त असते, असं मला तरी तो वाचून वाटलं. जुन्या, जतन केलेल्या भागांत रस्त्याकडच्या भिंतीवर डिश लावायची तर इथं परवानगी काढावी लागते. म्हणजे अभिरुचीला कायद्याचाही थोडा टेकू आहे.

स्लाव हे आपल्या ठाणे-बेलापूर पट्ट्यासारखं गाव. मोठी औद्योगिक वसाहत, कामासाठी आलेली भारतीय, पाकिस्तानी, पोलिश कुटुंबं. स्टेशनवरून एक छोटी गाडी विंडसरला जाते, सहा मिनिटांत. तिकडे राजवाडा, आणि नदीच्या अलीकडच्या काठावर ईटन, जिथल्या शाळेतून वीसेक पंतप्रधान निघाले. स्लावच्या माझ्या गल्लीत घरटी एक डिश आहे, काही घरांना दोन. पोलिश शेजाऱ्याची डिश बाकीच्यांपेक्षा थोडी दक्षिणेकडे वळलेली, कारण त्याचा उपग्रह वेगळा. कोण कुठून आलं ते डिशच्या मानेवरून सांगता येतं. ईटनच्या मुख्य रस्त्यावर मी एकदा मुद्दाम वर बघत चालले. समोरच्या भिंतींवर मला एकही दिसली नाही. नवी मुंबईत सीवूड्सच्या महागड्या एनआरआय कॉम्प्लेक्समधून शेजारच्या करावे गावात चालत जाताना इमारती बदलतात तसंच, फक्त इथं खूण उलटी आहे.

आता लायसनकडे येते, कारण इथं टीव्हीचा खरा पैसा तिथून सुरू होतो. घरात राहायला आल्यावर तिसऱ्या आठवड्यात एक पत्र आलं. वर नाव नव्हतं, 'कायदेशीर रहिवासी' एवढंच. तुमच्या घराला टीव्ही लायसन नाही, अशी आठवण होती. जुन्या वाचकांना आपल्याकडचं रेडिओचं लायसन आठवेल, पोस्टात जाऊन पैसे भरायचे ते. आपण ते ऐंशीच्या दशकात संपवलं. इथं 1922 मध्ये रेडिओसाठी दहा शिलिंगांनी सुरुवात झाली, 1946 मध्ये टीव्हीचं दोन पौंडांचं लायसन आलं, आणि ते अजून चालू आहे. एप्रिल 2025 मध्ये ते वर्षाला 174.50 पौंड झालं, म्हणजे वीस हजार रुपयांच्या घरात. यातला बहुतेक पैसा बीबीसीला जातो. पण तुम्ही बीबीसी कधीच लावत नसलात तरीही, कुठलीही वाहिनी प्रसारण चालू असताना पाहिली की लायसन हवं.

रक्कम सगळ्यांना एक. इथल्या माणसांना यात समानता दिसते. मला नेरूळची वही आठवते. लायसन घराला असतं, टीव्हीला नाही. सहा खोल्यांच्या घरात सहा टीव्ही असले तरी एकच लायसन. आमच्या गल्लीच्या टोकाला एका घरात पाच अनोळखी माणसं पाच खोल्या भाड्यानं घेऊन राहतात. प्रत्येकाचा भाडेकरार वेगळा, म्हणून नियमानं लायसनही प्रत्येकाचं वेगळं. एकाच दरवाजाआड पाच लायसनं.

एकदम पैसे भरणं जमत नाही त्यांच्यासाठी कार्ड मिळतं. कोपऱ्यावरच्या गुजराती दुकानात मी ते रोज पाहते. लोक विजेच्या मीटरची किल्ली भरतात, गॅसचं कार्ड भरतात, आणि त्याच रांगेत लायसनचे थोडे पौंड. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना 2000 पासून लायसन मोफत होतं. ऑगस्ट 2020 पासून ते फक्त पेन्शन क्रेडिट नावाची गरिबांची मदत घेणाऱ्या वृद्धांपुरतं उरलं. म्हणजे फुकट टीव्ही पाहायचा तर म्हातारपणी आधी गरीब असल्याचा अर्ज भरायचा. शेजारच्या आजी तो भरत नाहीत. कारण विचारलं तर म्हणाल्या, माझं भागतं. आमच्या तळमजल्यावरच्या आजींना अर्ज भरावा लागत नव्हता.

लायसनशिवाय पाहणं हा गुन्हा आहे, दंड हजार पौंडांपर्यंत. खटल्यांची आकडेवारी पाहिली तर चारांतल्या जवळपास तीन आरोपी बायका असतात. बायका जास्त चोरून पाहतात असं नाही. तपासनीस दिवसा दार वाजवतो, तेव्हा दार उघडायला घरी असते ती बाई. मुलांना एकटीनं वाढवणाऱ्या, अर्धवेळ काम करणाऱ्या, बिलांचं पाकीट ज्यांच्या नावावर येतं अशा. माझ्या दाराशी आलेला माणूस सभ्य होता, लायसन निघालं आहे हे पाहून त्यानं हवापाण्याच्या दोन गोष्टी केल्या. तो गेल्यावर लक्षात आलं, त्या वेळी गल्लीत बहुधा आम्ही बायकाच घरी होतो.

ऐपत पाहून आकारणी करणारा केबलवाला इथंही एका ठिकाणी सापडला. पबमध्ये. स्काय पबला सामने दाखवण्याचे पैसे लावते ते त्या जागेच्या करपात्र मूल्याच्या हिशेबानं, मोठ्या मोक्याच्या पबला जास्त. मला फार गंमत वाटली. घरांच्या बाबतीत जी समानता पवित्र, ती धंद्याच्या बाबतीत कुणाला आठवत नाही.

आपल्याकडे मात्र ती वही संपली. आधी सेट-टॉप बॉक्स सक्तीचा झाला. मग 1 फेब्रुवारी 2019 पासून दूरसंचार नियामक ट्रायचे नवे दर लागू झाले: शंभर वाहिन्यांचे 130 रुपये, त्यावर 18 टक्के जीएसटी धरून 153 रुपये 40 पैसे, आणि पुढं हव्या त्या सशुल्क वाहिनीचे वेगळे. दर छापील. आईनं त्या आठवड्यात वहीच्या पाठकोऱ्या पानावर यादी केली होती, मराठी वाहिन्या आधी, बाबांच्या बातम्या नंतर, क्रिकेटपुढं प्रश्नचिन्ह. बिल कमी होईल म्हणून केलेली यादी संपली तेव्हा बेरीज आधीपेक्षा जास्त निघाली. आजी तोवर गेल्या होत्या. असत्या तर त्यांनाही तेच 153 रुपये 40 पैसे.

भाऊ पामबीच रोडजवळच्या टॉवरमध्ये राहायला गेला. त्याच्याकडे केबल नाही, डिश नाही. भिंतीतून फायबर येतो आणि टीव्हीवर चार ॲप्स. त्याच्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या ताई तुर्भे स्टोअरच्या वस्तीत राहतात. त्यांच्या पत्र्यावर दूरदर्शनच्या फ्री डिशची छत्री आहे, एकदा पैसे मोजले की महिन्याला काहीच नाही. म्हणजे पैसे देऊन केबल पाहणारे मधलेच उरले, माझ्या आईबाबांसारखे. हो, बाबा पुन्हा केबलवर आलेत. डिश रिचार्ज करताना मोबाइलवरचा ओटीपी वेळेत सापडत नाही. केबलवाल्याचा मुलगा घरी येतो, स्वतःच्या फोनवरून सगळं करून देतो आणि चहा घेऊन जातो.

इथंही तेच उलटंपालटं चालू आहे. 2002 पासून फ्रीव्ह्यू आहे, साध्या अँटेनावर कित्येक वाहिन्या महिन्याच्या बिलाशिवाय. 2021 पासून खुद्द स्काय डिश न लागणारा टीव्ही विकते. माझ्या ऑफिसातली तरुण मुलं लायसनही घेत नाहीत, कारण ती प्रसारण पाहतच नाहीत, फक्त मागणीनुसार मालिका पाहतात, आणि बीबीसीचा आयप्लेयर सोडला तर त्याला लायसन लागत नाही. कॉफीच्या वेळी "आमच्याकडे टीव्ही नाही" हे वाक्य ती ज्या सुरात सांगतात, तो सूर मी ओळखते. बाबांनी पांढऱ्या डिशकडे बोट दाखवलं होतं तोच.

आमच्या भिंतीवरची डिश मी काढायला सांगितली नाही. ती कशालाही जोडलेली नाही. परवा व्हिडिओ कॉलवर बाबांना बागेतली सफरचंदं दाखवत होते, तर त्यांचं लक्ष वर गेलं. "डिश घेतलीस वाटतं? महिना किती पडतात?"

म्हटलं, "बंद आहे बाबा. जुन्या भाडेकरूची."

"असू दे," बाबा म्हणाले. "रस्त्यावरून दिसते ना?"