ताट चांदीचं, आमटी अळणी!

तीन तास बारा मिनिटांच्या सिनेमाला जायचं म्हणजे घरातल्या बाईला आधी किती आटपाआटप करावी लागते, ते तुम्हांला का सांगायला हवं? पण ‘अवतार : द वे ऑफ वॉटर’ डिसेंबर २०२२ मध्ये आला आणि मुलांनी काही ऐकलं नाही. गेलो सगळे!

आणि खरं सांगते, डोळ्यांचं पारणं फिटलं. दिग्दर्शक जेम्स कॅमेरून यांचा पहिला ‘अवतार’ २००९ सालचा. त्यानंतर तेरा वर्षांनी आलेल्या या भागात पँडोरा नावाच्या परक्या जगातला समुद्र आहे. नटनट्यांनी मोठ्या टाकीत खरोखरच बुड्या मारून कामं केली. केट विन्स्लेट तर सरावात सात मिनिटांहून अधिक वेळ श्वास रोखून पाण्याखाली राहिली! दृश्यकरामतींसाठी २०२३ चं ऑस्करही मिळालं, ते उगीच नव्हे.

मग अळणी काय? गोष्ट! पहिल्या भागात मेलेला खलनायक नव्या देहात परत येतो आणि पुन्हा तोच पाठलाग. मुलांना पकडतात, सोडवतात, की पुन्हा पकडतात!

मला खरी चुटपुट लागली ती नेतिरीची. पहिल्या भागातली ही शूर धनुर्धारी आता चार मुलांची आई. त्यांतली एक मानलेली. नवरा ठरवतो, जंगल सोडायचं. ती म्हणते, हे माझं घर आहे. पण अखेर निघतेच. माहेर, माणसं, सगळं मागे टाकून परक्या किनाऱ्यावर नव्यानं संसार मांडते. हे दुःख आपल्याला कुणी समजावून सांगायला नको. पण सिनेमा तिच्याजवळ थांबतच नाही. थोरला मुलगा डोळ्यांदेखत जातो, तेव्हाही लगेच लढाई! मुलं आणि बाप यांचंच सारं कौतुक. आईच्या मनात काय चाललंय, ते विचारायला तीन तासांत सवड नाही.

तरी पाहाच म्हणेन, आणि शक्यतो मोठ्या पडद्यावर. घरी पाहणार असाल, तर आधी पहिला भाग पाहा. लहान मुलं बरोबर असतील, तर देवमाशासारख्या प्राण्याची शिकार आणि जहाज बुडतानाची दृश्यं भिववणारी आहेत, हे लक्षात ठेवा.

घरी परतताना धाकटी म्हणाली, “आई, त्या आईला आपलं घर परत मिळेल का गं?” एवढा पैसा ओतून केलेल्या सिनेमाला सुचला नाही, तो प्रश्न त्या पोरीला सुचला!