पाठ असलेले गणित

बीदर-कलबुर्गीकडील जुन्या मराठी घरांत तिन्हीसांजेला मुलांकडून पावकी, दिडकी, औटकी म्हणवून घेत. सात औट साडेचोवीस हे आम्ही गुणून काढीत नसू; ते आठवे.

संगणकातील ‘रॉम’ ही केवळ वाचण्याजोगी स्मृती तर्कमंडलाचे काम असेच करते. चार-चार द्विमान अंकांच्या दोन संख्या गुणावयाच्या, तर त्यांच्या २५६ जोड्या होतात. प्रत्येक जोडी हा एका कप्प्याचा पत्ता. कप्प्यात उत्तर आधीच कोरलेले. तर्कद्वारांची जुळणी करणे नको. मात्र एक अंक वाढला की कप्पे दुप्पट; सोळा अंकांना ६५,५३६! आमचे गुरुजीही तिसाच्या पाढ्यापुढे रीतच शिकवीत.

कोरतानाची चूक मात्र राहतेच. नऊ औट म्हणताना आमच्या तोंडी पन्नाशीनंतरही प्रथम बत्तीस येते, साडेएकतीस मागाहून.