भिंतीवरचे शिवार

आयुष्यभर नकाशांवर प्रेम करणाऱ्याला त्यातून घराच्या भिंतीवर शोभेल असे मुद्रित चित्र घडवायचे असेल, तर यवतमाळ जिल्ह्यातील महागाव तालुका हा त्यासाठी उत्तम विषय आहे. पूस नदी हिवरा संगम येथे पैनगंगेला मिळते, आणि पैनगंगा ही वऱ्हाड व निजामाचे राज्य यांच्यामधली जुनी सीमा असल्यामुळे एका निळ्या रेषेत पाणी आणि इतिहास दोन्ही वाहतात.

या भागाच्या मोजणीचा वारसाही मोठा आहे. एक पायारेषा प्रत्यक्ष मोजून पुढची सारी अंतरे केवळ कोनांवरून काढण्याची त्रिकोणीकरणाची पद्धत वापरत विल्यम लॅम्टनने १८०२ मध्ये मद्रासहून सुरू केलेली मोजणी ७८ अंश रेखांशालगत उत्तरेकडे सरकत गेली, तो स्वतः २० जानेवारी १८२३ रोजी हिंगणघाटला मरण पावला, आणि जॉर्ज एव्हरेस्टने ती पुढे वऱ्हाडातून नेली. जमीनमहसुलासाठीची मोजणी वऱ्हाडात १८६० च्या दशकात मुंबई इलाख्याच्या पद्धतीने झाली. त्या पद्धतीची साखळी ३३ फुटांची, आणि एका साखळीच्या चौरसाचे १०८९ चौरस फूट म्हणजेच शेतकऱ्याच्या रोजच्या बोलण्यातला गुंठा; म्हणून तलाठ्याकडील गावनकाशातील वाकडेतिकडे बांध कोणाच्या तरी पायपिटीतून उमटलेले आहेत, आणि त्यांचे सौंदर्य त्या श्रमांपासून वेगळे काढता येत नाही.

चित्र करताना पहिला निर्णय काय गाळायचे हा असतो. रस्ते, हद्दी आणि गट क्रमांक काढून केवळ ओढे-नाले ठेवले, तर तालुका झाडाच्या पानासारखा दिसतो. समान उंचीचे बिंदू जोडणाऱ्या समोच्च रेषा ठेवल्या, तर टेकड्यांना आकार येतो. उंचीची माहिती फेब्रुवारी २००० मध्ये अंतराळयानातून केलेल्या रडार मोजणीतून सर्वांना उपलब्ध आहे, मात्र तिचा एक ठिपका सुमारे ३० मीटरचा असल्यामुळे १ : ५०,००० या प्रमाणावर तो ०.६ मिलिमीटर भरतो आणि ४० किलोमीटरचा पट्टा ८० सेंटिमीटरच्या कागदावर नीट बसतो. प्रमाण दुप्पट केल्यास ठिपका १.२ मिलिमीटरचा होऊन डोळ्यांना खुपतो, आणि अशा वेळी खोटा बारकावा रंगवण्यापेक्षा चित्र लहान ठेवणेच प्रामाणिकपणाचे ठरते. छपाईसाठी सुती कागद आणि रंगद्रव्याची शाई घ्यावी, कारण तिचे बारीक कण पाण्यात विरघळणाऱ्या रंगापेक्षा उजेडात जास्त टिकतात.

सर्वात नाजूक काम अक्षरांचे असते. नदीच्या वळणाबरोबर नाव वळवताना रोमन अक्षरे सुटी असल्यामुळे सहज झुकतात, देवनागरीची शिरोरेखा मात्र प्रत्येक अक्षराच्या सांध्यावर तुटते. त्यामुळे ‘पैनगंगा’ ही चार अक्षरे एकाच अखंड वक्र रेषेखाली हाताने लिहून मग त्यांचे चित्र नकाशात बसवावे लागते.