इसेनहाइमची वेदी

इसेनहाइमच्या मठात ‘संत अँथनीच्या आगी’चे रुग्ण येत. राय धान्यावरच्या बुरशीने (आपल्या बाजरीवरचा अरगट तिचाच भाऊबंद) त्यांचे हातपाय काळे पडून झडत. याच मठासाठी ग्र्यूनेवाल्डने सुमारे १५१२ ते १५१६ या काळात वेदीचित्र रंगवले. त्यातला क्रुसावरचा ख्रिस्त देखणा नाही. अंग हिरवट, काट्यांनी भरलेले. बोटे वेदनेने ताणलेली. शेजारी पांढऱ्या वस्त्रातली मरिया योहानाच्या हातांवर कलंडलेली. या चित्राला दारे होती. पुनरुत्थानाचा तेजस्वी फलक आत. तो सणावारी दिसे. एरवी समोर हाच देह. सांत्वनाची घाई नाही, हे मला त्यातले मोठेपण वाटते. आज कोलमारच्या संग्रहालयात फलक सुटे मांडल्याने दोन्ही ख्रिस्त एकाच भेटीत पाहता येतात. रुग्णांना ती सोय नव्हती.